‘बसेल तेवढा रुंद टायर घाला’ म्हणे!

‘ट्रॅकवर गाडी नेताय? मग हे वाचाच!’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मराठी फॉरवर्ड सध्या गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली कुणाचं नाव नाही, पण आवेश असा की जणू टायरचा कारखाना यांच्याच परसात आहे. मुद्दे सहा आहेत. रुंद टायर रस्त्याला जास्त टेकतो म्हणून ग्रिप जास्त. हलक्या गाडीला तर त्याची गरज आणखी जास्त, कारण वजन नसल्याने ती ‘उडते’. फॉर्म्युला वनचे टायर बघा. ब्रेक लवकर लागतो. पावसात जास्त खाचा, म्हणून जास्त पाणी बाहेर. आणि शेवटचा, मला उठवून बसवणारा मुद्दा: ‘रिम बदलण्याची गरज नाही, दोन-तीन साइझ मोठा टायर आहे त्याच रिमवर आरामात बसतो.’

एरवी मी असले मेसेज न वाचता पुढे सरकतो. पण हा पुण्याहून निघाला, नाशिकच्या काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तिथून इंग्लंडात कॉव्हेंट्रीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने तो मनावर घेतला. त्याच्याकडे दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-5 ही हलकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे, 1.8 लिटरची. रिम 15 इंची, रुंदी 6 इंच, त्यावर कंपनीचाच 195/50 आर15 हा साइझ (195 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 50 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, 15 म्हणजे रिमचा व्यास इंचात). मॅलरी पार्क या तिथल्या रेसट्रॅकवर पहिल्या ट्रॅक डेसाठी (स्वतःची गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) पठ्ठ्याने 225/45 आर15 चे चार टायर ऑनलाइन कार्टमध्ये टाकून ठेवले होते. वर मलाच विचारतो, "मामा, रिम तीच चालते ना?"

नाही चालत. म्हणून सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून.

कुठला टायर किती रुंदीच्या रिमवर बसवायचा हे पंक्चरवाल्याच्या किंवा काकांच्या अंदाजाने ठरत नाही. युरोपात टायर आणि रिम बनवणाऱ्यांची ईटीआरटीओ नावाची संस्था आहे, ती प्रत्येक साइझला मान्य रिमची किमान आणि कमाल रुंदी ठरवून देते. टायर कंपन्यांच्या माहितीपत्रकातही साइझच्या शेजारी तो आकडा छापलेला असतो. 195/50 आर15 ला साडेपाच ते 7 इंच. 225/45 आर15 ला 7 ते साडेआठ इंच. भाच्याची रिम 6 इंचाची. म्हणजे किमान मर्यादेच्याही पूर्ण एक इंच खाली. फॉरवर्डवाल्याने हे एक कोष्टक उघडून पाहिलं असतं तर बाकीचे पाच मुद्दे लिहिण्याचे कष्ट वाचले असते.

टायर चढत नाही असं नाही. मशीनवर चढतो, हवा भरली की ‘टक्’ आवाज करून बसतोही, आणि तिथेच फसगत होते. रुंद तोंडाच्या पिशवीला नाडी आवळून बांधली की मध्ये फुगवटा येतो, तसं होतं. दोन्ही साइडवॉल (टायरच्या बाजूच्या भिंती) आत ओढल्या जातात, ट्रेड (रस्त्याला टेकणारा पट्टा) मधोमध गोलसर होतो, आणि ज्या जादा 30 मिलिमीटरसाठी पैसे मोजले त्यातला बराचसा भाग सरळ चालताना रस्त्याला नीट टेकतच नाही. वळणावर तर आणखी मजा. स्टिअरिंग फिरवलं की आधी साइडवॉल कलंडते, मग ट्रेड, मग गाडी. एमएक्स-5 लोक घेतात ती स्टिअरिंगच्या तत्परतेसाठी, आणि हा गृहस्थ नेमकी तीच काढून घ्यायला सांगतोय. त्यात कुणी ‘ट्रॅकवर हवा कमी ठेवावी’ हा दुसरा अर्धवट सल्ला ऐकून दाब उतरवला, तर बाजूच्या जोराने टायरची कड रिमवरून सुटण्याचा धोका असतो. तीही भर वळणात.

मॅलरी पार्कला जेरार्ड्स नावाचं एक लांबच लांब उजवं वळण आहे. संपता संपत नाही. तेवढा सगळा वेळ गाडीचा भार डाव्या पुढच्या टायरवर असतो. अरुंद रिमवर आवळलेला 225 तिथे घातला तर तो बाहेरच्या खांद्यावर झोपणार आणि दिवसभरात तो खांदा सोलून निघणार. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ट्रॅकवर उतरण्याआधी ट्रेडच्या कडेपासून साइडवॉलवर खडूची एक आडवी रेघ ओढायची. चार-पाच लॅप मारून पिटमध्ये आलं की बघायचं, खडू कुठपर्यंत पुसला गेलाय. बऱ्याच टायरांच्या खांद्यावर एक चिमुकला त्रिकोण असतो. खडू त्याच्या आसपास पुसलेला असेल तर ठीक. त्रिकोण ओलांडून खाली, टायरवर छापलेल्या अक्षरांकडे पुसत गेला असेल, तर तुम्ही ट्रेडवर नाही, साइडवॉलवर गाडी चालवताय.

आता पहिला मुद्दा, ‘रुंद टायर जास्त टेकतो’. गणित पाचवीचं आहे. चालकासकट गाडी सुमारे 1,100 किलो धरा, म्हणजे एका चाकावर सरासरी 275. हवा कंपनीने सांगितलेली, 26 पीएसआय. भाराला दाबाने भागलं की रस्त्याला टेकलेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ येतं साधारण 150 चौरस सेंटिमीटर. यात टायरची रुंदी कुठे आली? आलीच नाही. 195 चा तुकडा समजा 17 सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम 9 लांब असेल, तर तेवढ्याच हवेवर 225 चा 20 रुंद आणि साडेसात लांब. आकार बदलला, क्षेत्रफळ तिथेच. साइडवॉलचा ताठपणाही थोडा भार उचलतो, त्यामुळे खरा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. पण ‘30 मिलिमीटर वाढले म्हणजे तेवढी ग्रिप वाढली’ हे साफ खोटं. विश्वास नसेल तर चाक जॅकवर उचला, ट्रेडला रंग फासा, खाली पुठ्ठा ठेवून गाडी उतरवा आणि उमटलेला ठसा टेपने मोजा.

मग मोठ्या गाड्यांना रुंद टायर काय हौस म्हणून घालतात? नाही, आणि इथे फॉरवर्डवाल्याला नाइलाजाने अर्धा गुण द्यावा लागतो. रबराचा एक स्वभाव आहे: भार दुप्पट केला की पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. रुंद आणि आखूड ठसा वळणात कमी घसरकोनावर (चाकाचं तोंड आणि चाकाची प्रत्यक्ष वाट यांतला कोन) जोर घेतो. शिवाय रबर जास्त असल्याने उष्णता पसरते आणि मऊ कंपाउंड (रबराचं मिश्रण) जास्त लॅप टिकतं. 1,700 किलोची, 500 हॉर्सपॉवरची गाडी दोन लॅपमध्ये अरुंद टायर भाजून काढील, तिला रुंदी हवीच. हलक्या गाडीतही योग्य रिमवर फरक पडतो. अमेरिकेत ऑटोक्रॉस (मैदानात शंकू मांडून घड्याळाशी शर्यत) करणारे एमएक्स-5 वर 9 इंची, म्हणजे कोष्टकाच्याही पुढची रिम आणि 225 लावतात, आणि कोरड्या डांबरावर त्या गाड्या जास्त वेगवान असतात. हे मान्य. पण 9 इंची रिमवर, कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकवणं) वाढवून, स्प्रिंगा बदलून. फॉरवर्डमध्ये यातलं एक अक्षर नाही.

आणि त्याच अमेरिकेत, त्याच गाडीची (तिथे तिला मियाटा म्हणतात) स्पेक मियाटा ही शर्यत आहे. तिथे नियमाने रिम 15 बाय 7 आणि टायर 205/50 आर15. खांद्याला खांदा लावून शर्यती होतात आणि 205 वर गाडी ‘उडाल्याची’ तक्रार कुणी करत नाही.

हलक्या गाडीला जास्त रुंदी लागते हा दुसरा मुद्दा तर सरळ उलटा आहे. टायरला काम करायला उष्णता लागते, आणि ती येते भारातून आणि घसरणीतून. ट्रॅकचं रबर साधारण 70-80 अंशांच्या पुढे नीट चिकटतं. हलकी गाडी, 140 हॉर्सपॉवर, वर इंग्लंडातली मार्चची सकाळ. तिथे मोठा टायर तापवायचा कशाने? पिटमध्ये लोक सुई असलेलं थर्मामीटर घेऊन फिरताना दिसतात ते उगाच नाही. सुई ट्रेडमध्ये दोन-तीन मिलिमीटर खुपसून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड असे तीन आकडे घेतात. पृष्ठभागावर धरायच्या लेझरवाल्या बंदुकीवर भिस्त ठेवू नका, पिटमध्ये येईपर्यंत वरची कातडी थंड झालेली असते. तिन्ही आकडे कमी येत असतील तर टायर गाडीला मोठा आहे किंवा कंपाउंड चुकलंय, आणि दोन्हीवर उपाय आणखी रुंद टायर हा नाही.

गाड्या बनवणाऱ्यांना हे कळत नाही असं फॉरवर्डवाल्याला वाटत असावं. 1996 ची पहिली लोटस एलीस सव्वासातशे किलोच्या आसपास होती. पुढे 185, मागे 205. दुसऱ्या पिढीत लोटसने मागचा टायर 225 केला आणि पुढचा चक्क कमी करून 175 वर आणला! पुढची चाकं आधी सुटावीत, मागची नाही, हा त्यातला हिशेब; नवख्या हातात गाडी गर्रकन फिरण्यापेक्षा नाक बाहेर गेलेलं बरं. टोयोटाने जीटी86 ला 215 चे मिशलिन प्रायमसी दिले, जे प्रियस या साध्या हायब्रिड गाडीलाही यायचे, कारण गाडी कमी वेगात आणि सांगून घसरावी हीच इच्छा होती. आणि केटरहॅम 170 बघा: 440 किलो, सुझुकीचं 660 सीसी टर्बो इंजिन, टायर 155 चे. आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकचा साइझ. चालवणारे हसत हसत उतरतात.

फॉर्म्युला वनबद्दल फार लिहायची इच्छा नाही. हो, गाडी 800 किलोच्या आसपास आणि मागचा टायर 405 मिलिमीटरचा होता. पण वेगात हवा त्या गाडीला तिच्या वजनाहूनही जास्त जोराने खाली दाबते, इंजिनाची ताकद हजार हॉर्सपॉवरच्या घरात, आणि टायर गरम ब्लँकेटमधून निघून थेट ट्रॅकवर उतरतात. भाच्याकडे यातलं काय आहे? गंमत म्हणजे 2026 च्या नियमांत त्यांनीच पुढचा टायर 25 आणि मागचा 30 मिलिमीटरने अरुंद केला.

ब्रेकचा मुद्दा: एमएक्स-5 चे ब्रेक 195 ला सहज लॉक करतात, म्हणजे मर्यादा रबराच्या जातीची आहे. आणि ट्रॅकवर आधी दगा देतात ते साधे पॅड आणि जुनं ब्रेक ऑइल. उकळलं की पेडल थेट जमिनीला टेकतं. टायरच्या जादा पैशांत दोन्ही येतील.

पावसाचा मुद्दा मात्र धोकादायक आहे, आणि इंग्लंडात पाऊस म्हणजे नेहमीचंच. टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो, हे नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरांवर काम करून 1963 मध्ये मांडलं. पुढे ठशाच्या लांबी-रुंदीचं प्रमाणही त्यात आलं: ठसा जितका रुंद आणि आखूड, तितका तो लवकर तरंगतो. पाण्याला बाजूला पळायला अंतर जास्त आणि वेळ कमी. खाचा असतात, पण ट्रॅकच्या टायरवर त्या नावापुरत्या. म्हणजे ओल्या ट्रॅकवर 225 आधी हात सोडेल, 195 नंतर.

फॉरवर्डने आणखी एक गोष्ट गाळलीय. पकड वाढली की तो जोर कुठेतरी जातो. या पिढीच्या एमएक्स-5 चे पुढचे हब (चाक ज्यावर बसून फिरतं तो भाग) चिकट रुंद टायरांवर सतत ट्रॅक केला की तडकतात, म्हणून शर्यतवाले ते ठरावीक काळाने बदलतात. टोयोटा इंजिनाच्या एलीसमध्ये लांब वळणात ऑइल एका बाजूला जाऊन पंप ऑइलऐवजी हवा ओढतो, म्हणून लोक इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत आडपडदे बसवतात. साइझ वाढवण्याचं बिल फक्त टायरच्या दुकानात भरायचं नसतं.

भाच्याला सांगितलंय ते असं. पहिलं वर्ष 195/50 आर15, आहे त्याच रिमवर. कंपाउंड मात्र चांगलं घे, साइडवॉलवर ट्रेडवेअर (ट्रेड किती टिकेल याचा आकडा) 200 च्या आसपास असेल असं. हा आकडा कंपन्या स्वतःच देतात, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नकोस. अलाइनमेंट करून पुढे निगेटिव्ह कॅम्बर मिळेल तेवढा घे. ब्रेक ऑइल आणि पॅड बदल. प्रत्येक फेरीनंतर गरम टायरची हवा मोजून वहीत लिही. पुढच्या वर्षी हात बसल्यावर वाटलंच, तर 7 इंची रिम आणि 205. त्यापलीकडे 225 घालायचाच असेल तर 8 किंवा साडेआठ इंची रिम आणि फेंडरमध्ये जागा आहे का ते स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेंशन दाबून बघ. आणि रिम-टायरचा साइझ बदललास तर रस्त्यावरच्या इन्शुरन्सवाल्याला आधी कळव, तिथे तो बदल मॉडिफिकेशन म्हणून धरतात. ट्रॅकवर बहुधा ती पॉलिसी लागूच होत नाही, त्याची वेगळी चौकशी कर. काकांना मी उत्तर पाठवतो.