शॅल-विलचा तो मेसेज पाठ करू नका

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या स्पर्धा परीक्षावाल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, 'आय आणि वुई असेल तर शॅल, बाकी सगळ्यांना विल, उलटं केलं की त्याचा अर्थ निर्धार किंवा हुकूम, आणि हे न पाळणाऱ्याचं इंग्रजी कच्चं.' चोपडा, शहादा, साक्रीकडची पोरंपोरी रूम करून राहतात, सकाळी उठून अभ्यासिकेत जागा धरतात आणि असलं काहीतरी घोकत बसतात, ते बघवत नाही म्हणून लिहितोय.

आधी हा नियम आला कुठून ते बघा. जॉन वॉलिस नावाचा इंग्रज गणितज्ञ, अनंताचं ते आडव्या आठसारखं चिन्ह ज्याच्या नावावर आहे तोच, त्याने 1653 मध्ये लॅटिनमधून इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि त्यात ही वाटणी मांडली, पुढे शाळेच्या पुस्तकांनी ती उचलली आणि आपल्यापर्यंत आली. पण सगळेच इंग्रजी बोलणारे तसं बोलायचे असं कधीच नव्हतं. स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिकेत 'आय विल' आधीपासूनच चालायचं, आणि आज तर सगळीकडेच 'आय विल कॉल यू' साधं सरळ बरोबर इंग्रजी आहे.

मेसेजमध्ये बुडणाऱ्या माणसाची गोष्ट पण आहे, तो ओरडतो 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' आणि लोक म्हणे त्याला मरायचंच आहे समजून काठावर उभे राहतात. ही स्कॉटिश-आयरिश लोकांच्या बोलण्याची टिंगल करायला रचलेली जुनी गोष्ट आहे, भाषेचा पुरावा नाही. अहो गिरणेच्या पुरात कोणी ओरडला तर क्रियापद तपासत कोण थांबतं?

आता निर्धाराचं. दुसऱ्या महायुद्धात, 4 जून 1940 ला, ब्रिटनचा पंतप्रधान चर्चिल पार्लमेंटमध्ये म्हणाला, 'वुई शॅल फाइट ऑन द बीचेस', आणि पुढे 'वुई शॅल नेव्हर सरेंडर'. 1942 मध्ये फिलिपीन्स सोडून ऑस्ट्रेलियात पोचल्यावर अमेरिकेचा जनरल मॅकआर्थर म्हणाला 'आय शॅल रिटर्न', आणि 1944 मध्ये तो परत गेलाही. मेसेजप्रमाणे हा नुसता भविष्यकाळ, निर्धारासाठी विल पाहिजे होतं. पण इंग्रजीत निर्धाराची याच्यापेक्षा गाजलेली वाक्यं सापडणं अवघड आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या टेबलावरचं पॉलिटीचं, म्हणजे राज्यघटनेचं पुस्तक उघडा. कलम 14, 'द स्टेट शॅल नॉट डिनाय'. कलम 52, 'देअर शॅल बी अ प्रेसिडेंट ऑफ इंडिया'. इथे आय नाही की वुई नाही, तरी शॅल, कारण कायद्यात शॅल बंधन घालतो किंवा एखादी व्यवस्था उभी करतो. टेंडर वाचा, तिथेही 'द काँट्रॅक्टर शॅल' असतंच. बरं इथेही डोळे झाकून अर्थ लावता येत नाही. कलम 320 मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबद्दल शॅलच आहे, पण 1957 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सरकारी कर्मचाऱ्यावरच्या कारवाईआधी हा सल्ला घेणं त्या अर्थाने बंधनकारक नाही, नुसता सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही. म्हणजे जो आयोग तुमची परीक्षा घेतो त्याच्या बाबतीतच शॅलचा अर्थ काय यावर कोर्टात वाद झाला, आणि आपण तो शब्द दोन ओळींच्या मेसेजवरून शिकतोय! शॅलच्या अशाच घोळामुळे अमेरिकेत 2007 मध्ये फेडरल कोर्टांचे दिवाणी नियम नव्याने लिहिले तेव्हा शॅल काढून बऱ्याच ठिकाणी मस्ट टाकलं.

मेसेजखाली काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन लिहितात की शॅल मेलं, सगळीकडे विल टाका. तेही नाही. 'शॅल आय ओपन द विंडो?', 'शॅल वुई गो?' हे आजही जिवंत आहे, आणि तिथे विल टाकलं तर विचारणा राहत नाही, 'मी खिडकी उघडेन का' असा विचित्र प्रश्न होतो (आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये मात्र चालतं). माझं म्हणणं, पाठ करायचंच तर हे करा. इंटरव्ह्यूला आत जाऊन फाइल पुढे करताना 'सर, शॅल आय शो यू द सर्टिफिकेट्स?' एवढं सहज तोंडात आलं पाहिजे, आणि गाळलेल्या जागेत 'आय' दिसलं की शॅल ठोकण्याआधी खालचे ऑप्शन पूर्ण वाचा.