इजिप्त युरोपचा विजेता होता, आणि अल्बर्ट इंग्रज नव्हता

माझी भाची नववीत आहे आणि शाळेच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी, म्हणून खेळते. मे महिन्यातल्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी त्यांची 'चूक की बरोबर' परीक्षा झाली. एक विधान होतं : 'इजिप्तने युरोपियन अजिंक्यपद जिंकले आहे.' तिनं 'बरोबर' लिहिलं, आणि गुण कापला गेला. सरांनी पुरावा म्हणून पालकांच्या गटावर एक ढकलपत्र टाकलं. तेच तिनं मला पाठवलं. खाली एकच ओळ : 'मामा, तू फेकलं होतंस का?'

१९४९ मध्ये कैरोत भरलेलं बास्केटबॉलचं युरोपियन अजिंक्यपद इजिप्तनं जिंकलं, हे तिला मीच सांगितलं होतं. त्यामुळे आता उत्तर देणं आलं.

ढकलपत्राचं शीर्षक 'इंटरनेटवरची सर्वात मोठी थाप पकडा!' खाली सहा मुद्दे, प्रत्येकापुढे लाल फुली, आणि एक रंगीत फोटो : 'हाच तो तथाकथित १९४९ चा सामना'. फोटोतल्या कोर्टवर तीन गुणांची रेघ स्वच्छ दिसते. फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, ती रेघ १९८४ मध्ये आणली. फोटोचं एवढंच.

आता चौथा मुद्दा. तो आधी घेतो, कारण डोकं तिथेच फिरलं. तो म्हणतो : 'संघात इजिप्शियन नव्हतेच, कालव्यावरचे इंग्रज सैनिक खेळवले. पुरावा : खेळाडूचं नाव अल्बर्ट!!' पुढे दोन उद्गारचिन्हं आहेत, म्हणजे लिहिणाऱ्याला हा हुकमी एक्का वाटला असणार.

या अल्बर्टचं पूर्ण नाव अल्बर्ट तद्रोस. तद्रोस हे अस्सल कॉप्टिक नाव, ग्रीक थिओडोरचं इजिप्तच्या मातीत झालेलं रूप. कॉप्ट म्हणजे इजिप्तचे ख्रिस्ती. त्या देशात इस्लाम पोचण्याच्या कितीतरी आधीपासूनचे, स्वतःचं चर्च आणि स्वतःची धर्मभाषा असलेले. त्यांना इंग्रज ठरवायचं असेल तर आपल्या वसईतल्या प्रत्येक आल्बर्टला आणि फ्रान्सिसलाही आधी लंडनचं तिकीट काढून द्या. पिढ्यान्‌पिढ्या तिथे केळी-भाजी पिकवणारी माणसं आहेत ती. नावावरून माणसाचा देश ठरवणं हा खेळ आपल्याकडे भरपूर चालतो, तो निदान बास्केटबॉलमध्ये आणू नका. बरं, त्याच संघात हुसेन मोंतासरही होता. तो कुठल्या पलटणीतला म्हणायचा?

इंग्रज फौज सुएझ कालव्याच्या पट्ट्यात होती, हे खरं. ती १९५६ मध्ये गेली. ढकलपत्रकारानं बहुतेक तेवढंच कुठेतरी वाचलं आणि बाकीचं मनानं जुळवलं. त्या संघात परका माणूस शोधायचाच असेल तर तो बाकावर सापडेल : प्रशिक्षक नेल्लो पारातोरे, इटालियन. पुढे त्यांनी इटलीचा राष्ट्रीय संघ बरीच वर्षं सांभाळला, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत नेला. दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमधल्याच अल अलामेनच्या वाळूत इटालियन फौजा लढल्याला जेमतेम सात वर्षं झाली होती आणि कैरोत इजिप्तच्या पोरांना एक इटालियन पास शिकवत होता. खरी गोष्ट एवढी रंजक असताना खोटी कशाला रचायची, कळत नाही.

आता पहिला मुद्दा : 'इजिप्त आफ्रिकेत आहे. आफ्रिकेतला देश युरोपचा विजेता कसा?' भूगोल बरोबर, निष्कर्ष चूक. कुठल्या स्पर्धेत खेळायचं हे नकाशा ठरवत नाही, महासंघ ठरवतो. ऑस्ट्रेलिया २०१७ पासून फिबाच्या आशिया चषकात खेळतो, आणि जिंकतोही. इस्राएल आशियात आहे, पण १९७९ मध्ये युरोपच्या स्पर्धेत अंतिम सामना खेळला. इजिप्त १९३४ मध्ये फिबात आला तेव्हा आफ्रिकेची स्पर्धाच नव्हती. आफ्रिकेची संघटना १९६१ मध्ये स्थापन झाली, तीही कैरोतच, आणि पहिलं आफ्रिकी अजिंक्यपद १९६२ चं. मधल्या काळात इजिप्तनं खेळायचं कुणाशी, पिरॅमिडशी? म्हणून ते युरोपच्या स्पर्धेसाठी १९३७ मध्ये रीगाला गेले, १९४७ मध्ये प्रागला गेले.

दुसरा मुद्दा गुणांचा. 'फ्रान्सविरुद्ध ५७-३६? बास्केटबॉलमध्ये एवढे कमी गुण असतात का? आकडा बनावट.' हे वाचून मी खरंच हसलो. तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत बास्केटकडे चेंडू फेकायला लावणारं घड्याळ, नव्हतं. चेंडू हातात घेऊन वाटेल तेवढा वेळ फिरवा, कुणी शिटी मारत नसे. फिबात तीस सेकंदांचा नियम १९५६ मध्ये आला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचा अंतिम सामना अमेरिकेनं कॅनडाविरुद्ध १९-८ असा जिंकला, तोही उघड्यावर, पावसानं चिखल झालेल्या कोर्टवर. तोही बनावट का?

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मला जरा नमतं घ्यावं लागतं, नाइलाजानं. ढकलपत्र म्हणतं, 'सगळ्या बलाढ्य देशांनी बहिष्कार टाकला, उरलेल्यांत गल्ली क्रिकेटसारखी स्पर्धा झाली.' बहिष्कार वगैरे काही नव्हता, पण स्पर्धा दुबळी होती हे खरं. सात संघ : इजिप्त, फ्रान्स, ग्रीस, तुर्कस्तान, नेदरलँड्स, सीरिया, लेबनॉन. सोव्हिएत संघ नाही, चेकोस्लोव्हाकिया नाही, इटली नाही. नियमानं युरोप म्हणावेत असे देश यात मोजून तीन, तुर्कस्तान धरला तर साडेतीन.

असं का झालं? जिंकणाऱ्यानं पुढची स्पर्धा भरवायची असा तेव्हाचा रिवाज होता. १९३५ मध्ये लॅटव्हिया जिंकला, १९३७ ची स्पर्धा रीगात. तिथे लिथुआनिया जिंकला, १९३९ ची कौनासला. १९४६ मध्ये चेकोस्लोव्हाकिया जिंकला, १९४७ ची प्रागला. १९४७ मध्ये सोव्हिएत संघ जिंकला, पण त्यांनी यजमानपद नाकारलं. दुसरा चेकोस्लोव्हाकिया, त्यांनी नुकतीच भरवलेली. तिसरा होता इजिप्त. म्हणून मे १९४९ मध्ये स्पर्धा कैरोला गेली, आणि तेवढ्या लांबच्या प्रवासाला युरोपातले बरेच संघ तयार झाले नाहीत. रिकाम्या जागा शेजारच्या सीरिया-लेबनॉननं भरल्या.

स्पर्धा दुबळी होती म्हणजे संघही दुबळा होता, असं मात्र नाही. प्रागच्या त्या स्पर्धेत चौदा संघ होते, सगळे दादा हजर होते, आणि इजिप्तनं कांस्यपदक मिळवलं होतं. कैरोत त्यांनी हरवलेला फ्रान्स आदल्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेऊन आलेला. त्या फ्रान्सला एकवीस गुणांनी झोपवलं. सहा सामने, सहा विजय. पुढच्या वर्षी ब्वेनोस आयरेसला पहिलं विश्वअजिंक्यपद झालं. तिथे इजिप्त पाचवा, फ्रान्स सहावा. तो पाचवा क्रमांक आजतागायत कुठल्याही आफ्रिकी संघाला ओलांडता आलेला नाही. गल्लीतले म्हणे.

आणि सरांना पुरावाच हवा असेल तर फिबाच्या संकेतस्थळावर जुन्या स्पर्धांचा संग्रह आहे. १९४९ उघडा, सामन्यागणिक निकाल आहेत. ज्या संस्थेची स्पर्धा, तिच्याच दप्तरात इजिप्त विजेता आहे. यापुढे 'मला गटावर आलं' याला किती वजन द्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पाचवा मुद्दा : 'त्यानंतर या देशानं बास्केटबॉलमध्ये काहीच केलं नाही.' आफ्रिकेचं अजिंक्यपद पाच वेळा : १९६२, १९६४, १९७०, १९७५, १९८३. ऑलिंपिकमध्ये सात वेळा. (आपण एकदाच, १९८० मध्ये मॉस्कोला, तेही इतरांच्या बहिष्काराच्या कृपेनं, आणि सगळे सामने हरून आलो. तेव्हा 'काहीच केलं नाही' जरा हळू म्हणा.) हो, १९८३ नंतर विजेतेपद नाही. अंगोलानं सगळं खाऊन टाकलं, २०१३ चा अंतिम सामनाही इजिप्त त्यांच्याशीच हरला. पण २०२३ च्या विश्वचषकात त्यांनी मेक्सिकोला १००-७२ असं धुतलं. क्लबांचं विचाराल तर आफ्रिकेच्या लीगचं पहिलंच विजेतेपद २०२१ मध्ये झमालेकनं नेलं, २०२३ चं अल अहलीनं.

सहावा मुद्दा, 'एकही इजिप्शियन एनबीएत (अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) पोचला नाही', हा एका ओळीचा आहे. अला अब्देलनबी, जन्म अलेक्झांड्रिया, १९९० मध्ये पोर्टलंडनं पहिल्या फेरीत निवडला. अब्देल नादेर, तोही जन्मानं अलेक्झांड्रियाचाच, बोस्टनकडून खेळला.

हे सगळं लिहून भाचीला पाठवलं. तिचा उलट प्रश्न आला : शॉट क्लॉक नसताना पॉइंट गार्ड चेंडू घेऊन नुसता उभा राहिला तर चालायचं का? चालायचं म्हटलं. त्यावर ती म्हणाली, मग आमच्या संघाला तोच नियम हवा. गुणाचं तिनं अजून सरांना विचारलेलं नाही. सोमवारी सरावाआधी विचारणार आहे, फिबाचं ते पान मोबाइलवर उघडून.