आईच्या माथी मारलेला आजार

गेल्या महिन्यात आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचे 'खरे सत्य' सांगणारा एक लांबलचक संदेश आला. त्यात पाच विधाने अगदी ठामपणे केली होती. हा आजार मेंदूचा नाही, कारण त्याची रक्ततपासणीच नाही. मेंदूत दिसणारे बदल गोळ्यांमुळे होतात, म्हणून गोळ्या ताबडतोब बंद कराव्यात. आजाराचे मूळ लहानपणी माया न मिळण्यात, विशेषतः नोकरी करणाऱ्या कडक आईत असते. शास्त्रज्ञांना आता त्याचे जनुक सापडले आहे, म्हणून अशा घराशी सोयरीक करू नये. आणि शेवटचे, मुलाचे लग्न लावून दिले की तो आपोआप ताळ्यावर येतो. आजार आईच्या वागण्याने होत असेल तर जनुकाचा प्रश्न येतो कुठे, आणि सोयरीक करायची नसेल तर लग्न लावायचे कुणाशी, हे संदेश पुढे पाठवणाऱ्या एकालाही विचारावेसे वाटले नाही.

मीही तो वाचला आणि सोडून दिला, याची मला आज खंत वाटते. आठवड्याने मावशीचा फोन आला. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून या आजाराशी झगडतो आहे. मावशीने उमेदीची सगळी वर्षे शाळेत शिकवण्यात घालवली. तिने मला एवढेच विचारले, "खरं सांग, माझ्या नोकरीमुळं झालं का गं हे?" मग बोलण्याच्या ओघात कळले की तो संदेश वाचल्यापासून मावसभावाने गोळ्या घेणे बंद केले आहे. मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. परंतु या दोन गोष्टी ऐकल्यावर गप्प बसणे मला शक्य नाही.

सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासूनच करते, कारण सर्वांत जास्त जखम त्यानेच केली आहे. आईला दोषी धरण्याची ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी 1948 मध्ये 'स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई' अशा अर्थाची संज्ञा वापरली, आणि पुढची दोन-तीन दशके असंख्य आयांना, आधीच मुलाच्या आजाराने खचलेल्या असताना, तुमच्यामुळेच हे झाले असे सांगितले गेले. या कल्पनेमागे पुरावा कोणता होता? मूल आजारी पडल्यानंतर दवाखान्यात आलेल्या आयांचे निरीक्षण. ज्या बाईचा मुलगा रात्र-रात्र झोपत नाही, भिंतीशी बोलतो, स्वतःच्या घरच्यांवर विष घातल्याचा संशय घेतो, ती बाई काळजीने ताठरलेली आणि अतिदक्ष दिसणारच. परिणामालाच कारण समजण्याची ही चूक होती.

या कल्पनेला उत्तर 1966 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ लेनर्ड हेस्टन यांनी दिले. अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या मनोरुग्णालयांत दाखल असलेल्या, स्किझोफ्रेनिया झालेल्या स्त्रियांना तिथे झालेली 47 मुले त्यांनी मोठेपणी शोधून काढली. ही मुले जन्मानंतर तीन दिवसांच्या आत आईपासून वेगळी करण्यात आली होती आणि ती दुसऱ्या घरांत किंवा संस्थांत वाढली होती. त्यांच्याशी तुलना करण्यासाठी हेस्टन यांनी अशीच आईविना वाढलेली, पण जन्मदात्या आईला हा आजार नसलेली 50 मुले घेतली. पहिल्या गटातील पाच जणांना स्किझोफ्रेनिया झाला. दुसऱ्या गटात एकालाही नाही. आईने वाढवण्याचा, रागावण्याचा, नोकरीला जाण्याचा प्रश्नच जिथे उद्भवत नव्हता, तिथेही आजार झाला. शिवाय आईपासून तुटणे हेच कारण असते, तर तो दुसऱ्या गटातही दिसायला हवा होता. आणखी एक बाब विसरू नये, की आजारी आईच्या पोटी जन्मलेल्या त्या 47 पैकी 42 जणांना तो झालाच नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, आणि ती मी काहीशा नाखुशीने करते, कारण तिचा विपर्यास फार सहज होतो. घरातल्या वातावरणाचा आजाराशी काहीच संबंध नाही असे नाही. बालपणीच्या गंभीर छळाची गणना धोका वाढवणाऱ्या घटकांत होते. जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या अभ्यासांत असेही दिसले की रुग्णालयातून घरी आल्यावर सतत टीका आणि वैर वाट्याला आले तर आजार उलटण्याची, म्हणजे पुन्हा उफाळण्याची, शक्यता वाढते. पण ते आजार उलटण्याविषयी आहे. तो मुळात कशाने झाला याविषयी नाही. हाच अभ्यास पुढे चंडीगढमध्ये झाला, तेव्हा तिथल्या घरांत असे टीकेखोर वातावरण लंडनच्या तुलनेत कमी आढळले. आजारी मुलाला सांभाळून घेणारी, ज्यांना आपल्याकडचे स्वमदत गट 'शुभंकर' म्हणतात, ती माणसे उपचाराचा भाग आहेत. त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे क्रूरपणाचे आहे.

आता पहिला मुद्दा. रक्ताची किंवा स्कॅनची एकच एक तपासणी करून स्किझोफ्रेनियाचे निदान करता येत नाही, हे खरे आहे. ते लक्षणांवरूनच होते. पण तसे तर अर्धशिशीचेही होते, आणि अर्धशिशी डोक्यात नसते असे कुणी म्हणत नाही. तपासणी नसणे म्हणजे कारण नसणे नव्हे. मेंदूच्या आत नेमके काय बिघडते याचा शोध रेणूंच्या पातळीवर चालू आहे, आणि त्यातील एक काम मला वर्गात शिकवतानाही दर वेळी थक्क करते.

जन्मानंतर आपल्या मेंदूत चेतापेशींमधल्या जोडण्या, म्हणजे सिनॅप्स, गरजेपेक्षा जास्त तयार होतात, आणि बालपणापासून पौगंडावस्था संपेपर्यंत त्यांतील अनेक छाटल्या जातात. आजार बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर किंवा ऐन तारुण्यातच का उफाळतो, याचा विचार करताना ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असा अंदाज अर्विन फाइनबर्ग यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडला होता. मरणोत्तर मेंदूंच्या अभ्यासांत, कपाळामागच्या भागातील चेतापेशींवर जोडण्या घेणारे बारीक काटे कमी असल्याचेही पुढे दिसले. परंतु छाटणारी कात्री कोणती, हे ठाऊक नव्हते.

जानेवारी 2016 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हार्वर्ड आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटमधील अश्विन शेखर, बेथ स्टीव्हन्स, स्टीव्हन मॅकॅरोल आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यांनी सुमारे 65,000 लोकांची जनुकीय माहिती आणि जवळपास 700 मरणोत्तर मेंदू-नमुने तपासले. सहाव्या गुणसूत्रावरील 'सी-4' या जनुकाच्या प्रती वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळ्या संख्येने आणि रूपांत असतात. ज्या रूपांमुळे मेंदूत 'सी-4-ए' हे प्रथिन जास्त तयार होते, त्यांच्यासोबत आजाराचा धोकाही वाढलेला आढळला. एरवी हे प्रथिन रोगप्रतिकारशक्तीच्या यंत्रणेत काम करते. जंतूवर खूण करायची, म्हणजे भक्षक पेशी येऊन तो गिळून टाकतात. मेंदूत अशीच खूण सिनॅप्सवर होते आणि मायक्रोग्लिया नावाच्या पेशी तो सिनॅप्स काढून टाकतात. ज्या उंदरांत हे जनुकच नव्हते, त्यांच्यात छाटणी कमी झाली. जंतूंना मारण्यासाठी असलेली यंत्रणा आणि तारुण्याच्या उंबरठ्यावरच्या मुलाचे विस्कटणारे मन यांच्यातला दुवा असा रेणूपर्यंत जाऊन दाखवता येतो, आणि कुणी तरी बेधडक लिहितो की हा मेंदूचा आजारच नाही! या एका जनुकामुळे वाढणारा धोका थोडाच आहे आणि त्याने सगळे कोडे सुटत नाही, हे संशोधक स्वतःच सांगतात. तरीही कोड्याचा हा तुकडा खरा आहे.

गोळ्यांचा मुद्दा सर्वांत धोकादायक आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. आयोवा येथील नॅन्सी अँड्रिअसन यांच्या गटाने 211 रुग्णांचे वर्षानुवर्षे स्कॅन करून 2011 मध्ये असे मांडले की जास्त मात्रेत औषध घेणाऱ्यांत मेंदूचे आकारमान काहीसे अधिक घटते. वजन वाढणे, साखर वाढणे, हात थरथरणे, सुस्ती येणे हे त्रासही काल्पनिक नाहीत, आणि डॉक्टरांनी ते ऐकून घ्यायलाच हवेत. परंतु सगळेच बदल गोळ्यांनी होतात हे विधान साध्या तारखांपुढेही टिकत नाही. मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या या रुग्णांत मोठ्या दिसतात, हे जर्मनीत याकोबी आणि विंकलर यांनी 1927 मध्ये, त्या काळच्या क्ष-किरण तंत्राने नोंदवले होते. क्लोरप्रोमाझीन हे या आजारावरचे पहिले परिणामकारक औषध पॅरिसमध्ये वापरात आले 1952 मध्ये. जे औषध अजून जन्मालाच यायचे होते, त्याने पंचवीस वर्षे आधीच्या रुग्णांचे मेंदू कसे बदलले?

आणि गोळ्या एकदम थांबवल्यावर काय होते, याचेही उत्तर उपलब्ध आहे. म्युनिकचे श्टेफान लॉइश्ट आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 65 चाचण्यांतील सुमारे साडेसहा हजार रुग्णांची माहिती एकत्र केली. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभराच्या आत 27 टक्के लोकांचा आजार उलटला. औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिलेल्यांत हे प्रमाण 64 टक्के होते. मात्रा कमी करता येईल का, औषध बदलता येईल का, हे प्रश्न प्रत्येक शुभार्थीने, म्हणजे हा आजार असलेल्याने, आणि त्याच्या घरच्यांनी जरूर विचारावेत, पण ते मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसून. सगळा आजार म्हणजे केवळ डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचा असमतोल, हे जुने स्पष्टीकरण अपुरे होते हेही मान्य आहे. म्हणूनच तर डोपामिनऐवजी मस्कारिनिक ग्राहींवर, म्हणजे दुसऱ्या एका रसायनाचा संदेश घेणाऱ्या पेशींवरील रेणूंवर, काम करणाऱ्या नव्या औषधाला सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रेणूंचा अभ्यास झाला नसता तर हे घडले नसते.

जनुक आणि सोयरीक यांविषयी थोडक्यात लिहिते. 'ते' जनुक सापडलेले नाही, कारण असे एकच जनुक नाहीच. 2022 च्या 'नेचर'मधील अभ्यासात 76,755 रुग्ण आणि आजार नसलेल्या 2,43,649 व्यक्तींची तुलना केली असता जनुकसंचातील 287 जागा आजाराशी संबंधित आढळल्या, आणि त्यांपैकी बहुतेकींचा स्वतंत्र वाटा अगदी लहान आहे. असे लहान-लहान फरक थोड्याफार प्रमाणात आपल्या सर्वांत असतात, हा संदेश लिहिणाऱ्यातही आहेत. जनुके तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांतही एकाला आजार झाला तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता फार तर निम्म्याच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी असते. एवढ्या भांडवलावर एखाद्या घरातल्या मुलींची लग्ने अडवणे याला विज्ञानाचा कोणताही आधार नाही.

लग्नाने आजार बरा होतो या विधानावर मी फार शब्द खर्च करणार नाही. आजार लपवून लावलेल्या लग्नात एका दुःखाची दोन होतात, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे.

मावसभावाला घेऊन मावशी दुसऱ्याच दिवशी त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. वाढलेल्या वजनाची जी तक्रार तो दोन वर्षे मनातच ठेवत होता, ती त्याने या वेळी स्वतः सांगितली, आणि साखर तपासायचे ठरले. मावशीने माझ्याकडून हेस्टन यांच्या अभ्यासातले आकडे मराठीत लिहून मागितले. ते मी तिला सुवाच्य अक्षरात लिहून दिले आहेत. तिने तो कागद मुलाच्या फायलीत, डॉक्टरांच्या पहिल्या चिठ्ठीच्याही वर लावून ठेवला आहे.