‘चालवणारा जबाबदार, मालकाचा काय संबंध’ हा मेसेज चुकीचा आहे, गाडी देण्याआधी हे वाचा

गणपती जवळ आले की आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात, एक म्हणजे गावाला जायला कुणाची गाडी मोकळी आहे का ही विचारणा आणि दुसरा हा मेसेज. यंदा तो मला चार ग्रुपवर आला. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडी दुसरा कोणी चालवत असताना अपघात झाला तर जबाबदारी ज्याचं लायसन्स त्याची, मालकाला कोणी हात लावू शकत नाही. इन्शुरन्स संपला असेल तरी ९० दिवस सूट असते, आणि पकडलंच तर फक्त दोन हजार दंड. गाडी देताना स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या की मालकाचा संबंध नाही. आणि गाडी विकली असेल तर डिलिव्हरी नोटवर सही घेतली की तुम्ही सुटलात. खाली ‘वकील मित्राकडून’ असं लिहिलंय.

यातलं जवळपास सगळं चूक आहे आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण माझ्या सख्ख्या मामाच्या घराने याच समजुतीपायी पाच वर्षं काढलीत.

मामा तेव्हा लालबागला राहायचा, त्याच्याकडे जुनी स्कूटर होती. शेजारचा मुलगा, लहानपणापासून घरात वावरलेला, पहाटे दादरला फुलं आणायला जातो म्हणून चावी घेऊन गेला आणि वाटेत डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या एका भाजीवाल्या मावशींना त्याने धडक दिली. त्यांचा पाय दोन ठिकाणी मोडला, रॉड घालावा लागला. स्कूटरची पॉलिसी संपून अकरा दिवस झाले होते. ती पॉलिसी डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली, मामाने ती उघडून तारीख बघितली तेव्हा मी शेजारी उभा होतो, तो बराच वेळ काही बोललाच नाही. नंतर मात्र सगळ्यांना एकच सांगायचा, अरे मी तर घरी झोपलो होतो. पुढे काही महिन्यांनी नोटीस आली, त्यात सामनेवाला नंबर १ म्हणून मामाचं नाव, नंबर २ तो मुलगा, आणि जिथे इन्शुरन्स कंपनीचं नाव असायला पाहिजे तिथे कोणीच नाही.

मेसेजमधली मूळ गल्लत इथेच आहे, कारण एका अपघातातून दोन वेगळ्या केस उभ्या राहतात. पोलीस केस, म्हणजे निष्काळजीपणे गाडी चालवणं, कुणाचा मृत्यू होणं (आता भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि १०६), ती चालवणाऱ्यावरच होते, तेवढं त्या मेसेजमधलं बरोबर आहे. पण जखमी माणसाची भरपाई मोटार वाहन कायदा १९८८ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालते आणि तिथे मालक पहिल्यापासून आत असतो. कलम १४६ सांगतं की थर्ड पार्टी इन्शुरन्सशिवाय (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा विमा) सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची नाही आणि दुसऱ्या कुणाला वापरूही द्यायची नाही. ‘वापरू द्यायची नाही’ हे शब्द मालकासाठीच आहेत. कलम १६४ तर आणखी स्पष्ट आहे, चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यू झाला तर ५ लाख आणि गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख, आणि द्यायचे कुणी तर गाडीच्या मालकाने किंवा इन्शुरन्स कंपनीने. कंपनीच नसेल तर मागे कोण उरतो ते बघा.

न्यायाधिकरण बहुतेक वेळा दोघांनाही जबाबदार धरतं, म्हणजे जखमी माणूस पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून घेऊ शकतो. मामाच्या केसमध्ये तो मुलगा बेकार होता, त्याच्या नावावर काहीच नव्हतं, आणि मामाला खोली होती, नोकरी होती. व्याजासकट साडेपाच लाखांच्या वर गेलं. मामीच्या पाटल्या गेल्या, पीएफमधून उचल झाली. यात त्या मावशींची काहीही चूक नव्हती हे मी आवर्जून लिहितोय, त्यांना वर्षभर धंद्यावर बसता आलं नव्हतं आणि ते पैसे त्यांच्या हक्काचेच होते.

आता ‘फक्त दोन हजार दंड’. कलम १९६ मध्ये पहिल्या वेळी २,००० आणि दुसऱ्या वेळी ४,००० दंड आहे हे खरं, पण त्याच कलमात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे आणि ते गाडी चालवू देणाऱ्यालाही लागू आहे, हे मेसेजवाल्याने गाळलंय. आणि दंड सरकारजमा होतो, त्याचा भरपाईशी संबंध नाही. भरपाई किती होते ते एकदा कागदावर मांडून बघा. समजा २८ वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा, महिन्याला २०,००० कमावणारा माणूस गेला, मागे आई, बायको, दोन मुलं. वर्षाचे २,४०,०००, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले की ३,३६,०००, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की २,५२,०००, आणि या वयाला ठरलेला गुणक १७, म्हणजे ही रक्कम सतरा पट. झाले ४२,८४,०००. हे गणित माझं नाही, सुप्रीम कोर्टाने २००९ आणि २०१७ च्या निकालांमध्ये घालून दिलेली पद्धत आहे, शिवाय अंत्यविधी वगैरेचे वेगळे आणि वर व्याज. भरले नाहीत तर कलम १७४ खाली जिल्हाधिकारी जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी वसुली करतात, म्हणजे घरापर्यंत जप्ती येऊ शकते. आणि हे सगळं टाळणाऱ्या थर्ड पार्टी पॉलिसीचा वर्षाचा हप्ता, जून २०२२ ला लागू झालेल्या दराने, १००० ते १५०० सीसी कारसाठी ३,४१६ रुपये आणि ७५ ते १५० सीसी दुचाकीसाठी ७१४ रुपये, जीएसटी वेगळा.

९० दिवसांचं काय आहे, तर पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत रिन्यू केली तर तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे आधी क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, टिकतो. बस, एवढंच. त्या ९० दिवसांत गाडीला इन्शुरन्स नसतोच, पहिल्या दिवशीही नाही. आणि अपघात झाल्यावर तासाभरात मोबाईलवरून पॉलिसी काढली तरी काही होत नाही, पॉलिसीवर सुरू होण्याची वेळ छापलेली असते, कव्हर त्या वेळेपासून.

स्टॅम्पपेपरचं मला सगळ्यात वाईट वाटतं कारण लोक त्यावर खरंच पैसे घालवतात, आता तर ५०० चा घ्यावा लागतो. तुम्ही आणि तुमचा भाचा मिळून लिहिलेला कागद तुमच्या दोघांतला. ज्याचा पाय मोडला त्याने त्यावर कुठे सही केलीय, मग त्याचा हक्क त्या कागदाने कसा जाईल? फार तर तुम्ही भरपाई भरल्यावर भाच्याकडून वसूल करायला तो कागद घेऊन वेगळी केस करू शकता, आणि ती करण्याइतके पैसे भाच्याकडे असते तर प्रश्नच नव्हता.

लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर कलम १८० खाली मालकाला वेगळी शिक्षा आहे, ५,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाच्या हातात दिली तर २०१९ मध्ये आलेलं कलम १९९अ, पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड आणि गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द. मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला ते सगळ्यांनी बघितलंय, मुलाच्या वडिलांवरही गुन्हा दाखल झाला होता.

विकलेल्या गाडीबद्दल नीट वाचा, कारण हे मुंबईत फार होतं, एजंटला गाडी दिली, पैसे मिळाले, फॉर्मवर कोऱ्या सह्या केल्या आणि विसरलो. कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी रजिस्टर आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये गाडी हातोहात पुढे विकली जात राहिली पण आरटीओत नाव पहिल्याचंच राहिलं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने जबाबदारी त्या नावावरच्या माणसावर टाकली. म्हणून गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० नुसते सही करून देऊ नका, राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, मग ते ताडदेव असो, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली. आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नाव खरंच बदललंय का ते बघा, जमलं तर आत्ताच.

मालक खरंच बाजूला राहू शकतो अशी बाजू चोरीच्या गाडीची, तीही वेळेवर एफआयआर असेल तर, कारण तिथे परवानगीच नसते. घरातल्याने न विचारता चावी घेतली हे चोरी म्हणून सिद्ध करणं फार अवघड. गॅरेजला दिलेली गाडीही परवानगीतच धरली गेलीय, दुरुस्तीवाल्याच्या हातून झालेल्या अपघातात १९८८ साली सुप्रीम कोर्टाने मालकाच्या इन्शुरन्स कंपनीला भरपाई द्यायला लावली होती. तिथे पॉलिसी होती म्हणून कंपनीने भरली.

तर गावाला जायला कुणी गाडी मागितली तर जरूर द्या, आपल्यात गाडी मागतात आणि देतात, मी पण देतो. फक्त चावी देण्याआधी लायसन्स बघा आणि त्याच एमपरिवहन ॲपमध्ये इन्शुरन्सची तारीख बघा, तो परत येईपर्यंतची हवी. संपली असेल तर थर्ड पार्टी पॉलिसी मोबाईलवर दहा-पंधरा मिनिटांत निघते, पण निघाल्यावर ती कधीपासून सुरू होतेय तो दिवस आणि वेळ वाचा, बऱ्याचदा मध्यरात्रीनंतरची असते. भाऊ ट्रॅफिक टाळायला रात्री दहाला निघणार असेल तर त्याला चहा करून द्या आणि बारानंतर सोडा.