खराब अंडी फेकण्याचा सल्ला : काही आक्षेप

गोव्यात घरी बॉल पायथन (एक परदेशी अजगर), लेपर्ड गेको (पालीची एक जात) अशा सरपटणाऱ्या प्राण्यांची पैदास करणाऱ्यांमध्ये एक सल्ला मोबाइलवरून सर्रास पुढे पाठवला जातो. तो असा : बुरशी आलेले किंवा चेपलेले अंडे मेलेले समजून लगेच काढावे, कारण एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, काढलेले अंडे माडाच्या आळ्यात पुरावे किंवा फ्लश करावे, आणि अंडे म्हणजे प्राणी नव्हे, तेव्हा कायद्याची भीती नको.

आढीचा दाखला ऐकताक्षणी पटतो, पण येथे तो लागू पडत नाही. बुरशी मुख्यतः मेलेल्या अंड्यावर पोसते. जिवंत अंडे तिला बराच काळ थोपवून धरते, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत वरून बुरशी धरलेल्या अंड्यातूनही धडधाकट पिल्लू बाहेर येऊ शकते. चेपण्याचेही तसेच आहे. या अंड्यांचे कवच चामड्यासारखे लवचिक असल्यामुळे खालचे वर्मिक्युलाइट, म्हणजे अंडी उबवताना ओल धरण्यासाठी पसरलेले खनिज, कोरडे पडले की त्यांना खळगा पडतो आणि वेळीच ओल मिळाली तर तो पुष्कळदा भरूनही येतो. बॉल पायथनच्या अंड्यांना तर पिल्ले निघण्याच्या सुमारास, म्हणजे ३१-३२ अंश सेल्सिअसला साधारण ५५ ते ६० दिवसांनी, खळगे पडणे स्वाभाविकच असते. म्हणून निवाडा अंधारात बारीक टॉर्च लावून करावा. लाल रक्तवाहिन्या दिसल्या तर अंडे जिवंत आहे. नुसता पिवळा उजेड दिसला तर ते बहुधा वांझ आहे, तरी आठवड्याने पुन्हा पाहावे. तपासताना अंडे उलटू नये, कारण गर्भ कवचाला आतून चिकटलेला असतो. सापाची अंडी एकमेकांनाही चिकटतात; मधले मेलेले ओढून काढताना शेजारचे जिवंत फाटण्याचा धोका असल्याने ते तिथेच राहू द्यावे.

माडाच्या आळ्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. सरपटणारे प्राणी आजारी न दिसताही साल्मोनेला हे माणसाला जुलाब-ताप आणणारे जीवाणू बाळगतात. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे, ती याच कारणाने. उथळ पुरलेले अंडे कुत्री आणि मुंगूस उकरतात, आणि आपल्याकडे माडापासून विहीर बहुधा फार लांब नसते. शिवाय अंडे मेलेले नसलेच तर? रेड-इअर्ड स्लायडर या परदेशी कासवाची अंडी २६ ते ३० अंशांत उबतात, म्हणजे गोव्यात त्यांना उबवणी यंत्राची गरज भासेलच असे नाही. फ्लशबद्दल इतकेच, की चिकटून आलेले वर्मिक्युलाइट हे खनिज असून सेप्टिक टँकमध्ये ते कुजत नाही.

खात्रीने मेलेले अंडे हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बंद करावे आणि शक्यतो पशुवैद्याच्या जैववैद्यकीय कचऱ्यात द्यावे. गोठवल्याने वास थांबतो, साल्मोनेला मरत नाही. त्यामुळे खाण्याचा फ्रीझर आणि स्वयंपाकघरातले सिंक यांपासून ते लांब ठेवावे. वाढलेला गर्भ असलेले नको असलेले अंडे मात्र घरी गोठवू नये. ते काम पशुवैद्याचे.

राहिला कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील प्राण्याच्या व्याख्येत पिल्ले आणि अंडी दोन्ही येतात, त्यामुळे स्टार कासवासारख्या संरक्षित देशी प्राण्याचे अंडे नासलेले होते ही सबब चालणार नाही. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत असल्याने २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि जन्मही कळवावे लागतात. म्हणून टाकून दिलेल्या प्रत्येक अंड्याची तारीख आणि छायाचित्र जपून ठेवावे. घातलेली अंडी आणि नोंदवलेली पिल्ले यांतली तफावत कोणी विचारली, तर दाखवायला तेवढेच हाती असते.