पुराला देवाचा कोप म्हणू नका

ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर बडोद्यात घरोघरी एकच वाक्य ऐकू यायचं, "देवाचा कोप झाला." विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 25 फुटांची, पाणी गेलं 35 च्या वर. तळमजले बुडाले, नदीतल्या मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून असं निघणारच. पण पाणी ओसरून घरं धुऊन झाली तरी आपण तेच म्हणतोय, याचा मला राग येतो. सगळं देवावर ढकललं की माणसाला जाब विचारायचा राहून जातो.

पावागडाच्या डोंगरातून येणारी ही नदी शहरातून नागमोडी जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. पावसाचा जोर पूर्वी काठच्या कोतरांत म्हणजे घळींत, तळ्यांत, सखल जागांत पसरायचा. तिथे राडारोडा टाकला कुणी? भिंती कुणी उठवल्या? सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या कीर्तिमंदिरात, म्हणजे या नदीच्या जवळच, नंदलाल बोसांनी गंगावतरण रंगवलं आहे. गंगेचा वेग पृथ्वीला सोसवणार नाही म्हणून शंकराने तिला जटेत घेतलं, ही कथा लहानपणापासून आपल्याला पाठ आहे. आपल्या नदीच्या जटा म्हणजे ही कोतरं, आणि त्या आपण कापल्या. मग पाणी घरात आलं तर कोप कुणाचा?

मी श्रद्धाळू आहे. रोज पूजा करते, आणि श्रद्धा सोडा म्हणजे नदी वाचेल असं मला अजिबात वाटत नाही. उलट आपली श्रद्धा अर्ध्यावर थांबते, हे माझं दुखणं आहे. कलशपूजेत आपण गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी अशा सात नद्यांना तांब्यात बोलावतो. आणि त्याच पूजेचं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत भरून, वर घट्ट गाठ मारून, पुलावरून विश्वामित्रीत फेकतो. त्या पिशवीत काय असतं ते एकदा बघा. दूर्वा, जास्वंद, कापराची रिकामी डबी, अगरबत्तीचं खोकं, कधी काच फुटलेली देवाची तसबीर. गाठ मारलेली असल्यामुळे आतली फुलंसुद्धा धड कुजत नाहीत. पिशवी तरंगत जाते आणि काठच्या गवतात अडकून बसते. सात नद्या पवित्र आणि दारातली आठवी गटार, असं कोणत्या पोथीत लिहिलंय?

आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे, आणताना बोलायचं नाही. तीन दिवस मान करायचा आणि खडे पाण्यात परत सोडायचे. पाण्याचं होतं ते पाण्याला मिळालं. शाडूच्या गणपतीचंही तेच, मातीचा आला आणि मातीत गेला. प्लास्टर ऑफ पॅरिसला मात्र परत जायला जागाच नाही. जिप्सम भाजून केलेली ती भुकटी पाणी लागलं की पुन्हा घट्ट होते, पाण्यात विरघळून जात नाही. विसर्जनानंतर कृत्रिम तलावातसुद्धा सोंडा, हात, आतल्या लोखंडी सळया तशाच पडलेल्या दिसतात. ज्या मूर्तीपुढे दहा दिवस आरत्या म्हटल्या तिची ही अवस्था मला बघवत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये पीओपीच्या मूर्तींविरुद्ध नियम केले ते ठीकच. पण भाविकाला हे सरकारने सांगावं लागावं?

आणि मगरी. पूर आला की त्यांचे व्हिडिओ फिरतात, "हटवा यांना" म्हणून ओरड होते. अहो, नदी त्यांची आहे! गुजरातभर पुजली जाणारी खोडियार माता मगरीवर बसते. गंगेचं वाहनही मकरच. आणंद जिल्ह्यातल्या मलातजला खोडियारचं देऊळ आहे आणि गावच्या तळ्यात मगरी आहेत. माणसं त्याच तळ्याशी जपून वावरतात. आपल्या शहरातली मगर काठात बीळ करते, उन्हाळ्याच्या तोंडावर तिथेच अंडी घालते, पावसाच्या आधी पिल्लं बाहेर येतात. 2025 च्या उन्हाळ्यात नदी खोल आणि रुंद करायचं काम झालं. पाण्याला वाट हवी हे मान्य, पण काठ तासताना त्यात कोण राहतं हा प्रश्नही धर्माचाच आहे.

"आमच्याच सणावर का बोट ठेवता? सांडपाणी बारा महिने जातं, ते दिसत नाही का?" हे मला दरवर्षी ऐकवलं जातं. दिसतं. सांडपाण्याने होणारं नुकसान विसर्जनापेक्षा कितीतरी मोठं आहे, यात शंका नाही. पण ज्या मंडळाने स्वतःची मूर्ती मातीची आणि बेताची केली, निर्माल्याचं खत केलं, ते मंडळ महानगरपालिकेच्या दारात जाऊन ताठ मानेने विचारू शकतं, की आमच्या वॉर्डाचं मैलापाणी शुद्ध होऊन जातं का, आणि कोतर भरायला परवानगी कुणी दिली? ज्यांची स्वतःची पंधरा फुटी मूर्ती पीओपीची आहे त्यांनी हे कोणत्या तोंडाने विचारायचं?

दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा इथल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. उंचीची चढाओढ यंदा सोडा. वर्गणीच्या पावतीवर मूर्ती कशाची आहे ते छापा. हिशेबात नदीसाठी एक रक्कम धरा, मग ती थोडी का असेना. आणि हे सगळं मूर्तिकाराला इसार देण्याआधीच्या बैठकीत ठरवा. एकदा साचा पडला की भाद्रपदात कुणाचं काही चालत नाही.