हजार खिडक्यांतली आमची एक

मुक्कामाची जागा ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकीची कामं आधीच वाटून झाली होती. विमानाची तिकिटं नवऱ्यानं काढली, इन्शुरन्स भाऊजींनी, आणि ताईनं दिवाळीच्या फराळातला चिवडा सहलीपर्यंत जपून ठेवायची जबाबदारी घेतली. राहिली मी. "तुला आवडेल ते घे गं, आमचं काही नाही," असं तिघांनीही सांगितलं. भाचीच्या लग्नात आहेराच्या साड्या घेतानाही हेच ऐकलं होतं. तेव्हा चार वेळा दुकानात परत जावं लागलं होतं.

गाव होतं बेरात. अल्बानियातलं, राजधानी तिरानापासून बसनं अडीच-तीन तासांवरचं. खाली ओसुम नदी, वर किल्ला, आणि मधल्या उतारावर पांढरी घरं अशी एकमेकांच्या डोक्यावर चढलेली की दहीहंडीचे थर आठवावेत. घरांना भिंत कमी आणि खिडक्या जास्त, म्हणून 'हजार खिडक्यांचं गाव'. काही जण म्हणतात, मूळ नाव 'एकावर एक खिडक्यांचं' असं होतं. अल्बानियन भाषेत 'एकावर एक' आणि 'हजार' हे कानाला इतके जवळचे लागतात की बोलता बोलता पहिल्याचं दुसरं झालं. हे मी जेवताना सहज सांगितलं आणि भाऊजींचा घास हातातच राहिला. ते बँकेत ऑडिटला होते. "म्हणजे हजार नाहीतच? मोजल्याच नाहीत कुणी?"

तर जुन्या बेरातमध्ये राहायला तीन वस्त्या. किल्ल्याच्या पायथ्याशी उतारावरचं मांगालेम, म्हणजे फोटोत दिसतं ते. नदीच्या पलीकडे गोरित्सा. आणि थेट किल्ल्याच्या आत 'कला' नावाची वस्ती. मांगालेम पूर्वी मुसलमानांची वस्ती, गोरित्सा ख्रिश्चनांची, आणि मध्ये 1780 साली अहमद कुर्त पाशानं बांधलेला पूल. पूल आधी लाकडाचा होता, आता दगडी कमानींचा आहे.

किल्ल्यात अजून माणसं राहतात हे कळल्यावर नवरा आणि भाऊजी दोघंही खुर्चीत ताठ बसले. आपण मराठी माणसं गडावर जातो, पिठलं-भाकरी खातो, घोषणा देतो आणि उजेड आहे तोवर खाली उतरतो. तिथं मात्र लोक तटबंदीच्या आत कपडे वाळत घालतात, मिरच्या लावतात, पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देतात. "गडावर मुक्काम!" नवरा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत मावळे दिसत होते. तेवढ्यात ताईनं सोफ्यावरून उठताना "आई गं" म्हटलं आणि गड पडला. ताईचा डावा गुडघा आमच्या घरात सर्वोच्च न्यायालय आहे. त्यावर अपील नाही.

ताईचं म्हणणं सरळ होतं. नव्या गावात, बुलेव्हारच्या म्हणजे रुंद मुख्य रस्त्याच्या बाजूला सपाटीवर हॉटेलं आहेत, लिफ्टवाली, तिथं राहू. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्या लांब जाऊन लिफ्टवाल्या हॉटेलातच राहायचं तर डोंबिवलीत काय वाईट आहे. भाऊजींना फक्त नाश्ता धरून भाव हवा होता.

उरली मांगालेम आणि गोरित्सा. खरी फजिती इथे सुरू झाली, कारण बेरातचा सगळा महिमा आहे तो मांगालेमच्या खिडक्यांचा, आणि त्या दिसतात गोरित्सातून. मांगालेममध्ये राहिलात तर तुम्ही त्या प्रसिद्ध दृश्याच्या आत असता, पण तुम्हाला दिसतं गोरित्सा. गोरित्सात राहिलात तर दृश्य समोर, पण तुम्ही त्यात नाही. नाटक बघायचं की नाटकात काम करायचं, एवढाच प्रश्न होता. मी त्यावर अकरा रात्री घालवल्या. फोनवर खोल्यांचे फोटो बघताना मला खोल्या दिसायच्याच बंद झाल्या होत्या, नुसते पलंगांवर हंसासारखे दुमडलेले टॉवेल दिसायचे. लोकांचे अभिप्राय वाचावेत तर एक म्हणे 'स्वर्ग', आणि दुसरा त्याच घराबद्दल 'सामान पाठीवर घेता येत असेल तरच'. म्हणजे स्वर्गच की, पायी जायचा.

शेवटी उन्हानं निकाल दिला. आम्ही जाणार होतो नोव्हेंबरात. गोरित्साच्या पाठीशी दक्षिणेला उंच डोंगर, त्यामुळे उन्हाळ्यात गारवा मस्त, पण थंडीच्या दिवसांत ऊन त्या बाजूला फिरकत नाही. मांगालेमचं तोंड दक्षिणेला, दिवसभर ऊन. "टॉवेल वाळतील," भाऊजी म्हणाले. बुकिंग करताना मी घरमालकाला एकच प्रश्न पाठवला: पायऱ्या किती? उत्तर आलं: थोड्या, पाच मिनिटं. कोकणात 'हे काय, हाकेच्या अंतरावर' म्हणतात तेव्हा किती चालावं लागतं हे मला ठाऊक आहे. पण इतर वेळी शहाणं असलेलं माणूस बुकिंगच्या वेळी भोळं होतं.

बेरातचा बसस्टँड गावाबाहेर आहे, तिथून टॅक्सी केली. आम्ही भारतातले म्हटल्यावर चालकानं "नेनं तेरेझा!" म्हणून छातीवर हात ठेवला. मदर तेरेसा अल्बानियन वंशाच्या, तिरानाच्या विमानतळाला नावसुद्धा त्यांचंच. भाऊजींनी त्याच आपुलकीत भाडं विचारलं. तो म्हणाला, "फाइव्ह थाउजंड." लेक हे तिथलं चलन; पाच हजार लेक म्हणजे पन्नास युरो. गाडीत शांतता पसरली. भाऊजी मनात रुपये करत होते, त्यांचे ओठ हलत होते आणि कानाच्या पाळ्या लाल होत होत्या. मांगालेमच्या पायथ्याशी त्यांनी थरथरत्या हातानं पाच हजारांची नोट काढली, तर चालक घाबरून मागे सरकला आणि त्यानं स्वतःच्या खिशातली पाचशेची नोट काढून दाखवली: ही, एवढीच. 1965 साली तिथं चलनातलं एक शून्य उडवलं. लोकांच्या तोंडातून ते अजून उडालेलं नाही. भाव जुन्या लेकमध्ये सांगतात, पैसे नव्या लेकमध्ये घेतात. भाऊजींनी त्या माणसाला मिठी मारली. त्याला ती मदर तेरेसांमुळे वाटली असावी.

घरमालक आजोबा खाली घ्यायला आले होते. डोक्यावर लोकरीची टोपी, हात मागे बांधलेले. ताईनं गल्लीकडे बोट दाखवून, मग गुडघ्याकडे दाखवून विचारलं, "स्टेप्स? मेनी?" आजोबांनी मान ठामपणे डावीकडून उजवीकडे हलवली. ताईचा चेहरा फुलला. "नाहीत म्हणतायत," असं म्हणून तिनं टॅक्सीला हात करून निरोपही दिला.

अल्बानियात मान आडवी हलवली की 'हो'. उभी हलवली की 'नाही'. हे मी वाचलेलं होतं. आठवलं तेव्हा टॅक्सी वळणाआड गेली होती.

गल्ली म्हणजे गल्ली नव्हतीच, दगडी गोट्यांचा ओढा होता, फक्त पाणी सोडून. शतकानुशतकं माणसांनी आणि गाढवांनी घासून गुळगुळीत केलेले ते चुनखडीचे दगड, त्यावर सकाळचा पाऊस. सुटकेसच्या चाकांचा असा आवाज की वरच्या खिडक्यांतून बायका डोकावल्या. एका चाकानं पहिल्याच वळणावर प्राण सोडला. नवरा दोन सुटकेसा घेऊन पुढे, मी ताईचा दंड धरून, आणि भाऊजी सगळ्यांत मागे, पायऱ्या मोजत. ताई प्रत्येक दहा पायऱ्यांनंतर थांबून एकच वाक्य म्हणायची, "तूच निवडलंस ना हे?" वर पोचल्यावर भाऊजींनी आकडा जाहीर केला: 112. "पर्वतीच्या 103. नऊ जास्त."

घर मात्र बघत राहावं असं. खालचा मजला जाड दगडी, वरचा लाकडाचा, गल्लीवर थोडा पुढे झुकलेला. 1961 साली सरकारनं बेरातला संग्रहालय-नगर ठरवलं, म्हणून ही घरं पाडून सिमेंटच्या चाळी उठल्या नाहीत. हे सगळं मी कौतुकानं सांगत असतानाच नवऱ्याचं कपाळ दाराच्या चौकटीवर आदळलं. दारं त्या काळच्या माणसांच्या मापाची आहेत. बाथरूम भिंतीतल्या लाकडी कपाटात होती. कपाटासारखी नव्हे, कपाटातच. दार उघडलं की भाऊजींना आधी हँगर शोधावेसे वाटायचे. आणि लाकडी जमीन अशी करकरायची की रात्री कोण किती वेळा उठलं याची नोंद चौघांकडेही राहिली.

आजींनी पितळी तबकात ग्लिको आणला. आपल्याकडे आल्या पाहुण्याला गूळपाणी देतात, तसं तिथं पाकातलं फळ आणि गार पाणी. अख्खं अंजीर, मोरावळ्यासारखं मुरलेलं. ताई विरघळली. मग तिनं "साबण?" विचारलं, आणि आजी साबण घेऊन आल्या. अल्बानियनमध्ये साबण म्हणजे 'सापुन'. चहा म्हणजे 'चाय'. साखर म्हणजे 'शेक्येर'. दहा मिनिटांत ताई सरळ मराठीत बोलायला लागली आणि आजी सरळ अल्बानियनमध्ये, आणि दोघींचंही काही अडलं नाही. फक्त चाय आला तो दुधाविना, आत डोंगरावरच्या गवताच्या काड्या. ताईनं त्याला काढा समजून मान दिला.

पण खरा घोळ राकीचा झाला. आजोबांनी घरची द्राक्षाची राकी, म्हणजे तिथली दारू, आणली. ताईनं आयुष्यात द्राक्षासवापलीकडे काही घेतलेलं नाही. तिनं मान जोरात आडवी हलवली. नको, नको. आजोबांनी आनंदानं पेला भरला. समोर आलेलं टाकायचं नाही हा तिच्यावरचा संस्कार, तिनं डोळे मिटून तो संपवला. आजोबांनी बाटली उचलली, ताईनं आणखी जोरात मान हलवली. आजोबांनी कौतुकानं दुसरा भरला. मी 'नाही' सांगायला धावले, तर नाहीला तिथं 'यो' म्हणतात, आणि ताईनं ते 'हो' ऐकलं. तिसऱ्यानंतर ताई म्हणाली, गुडघा राहिलाय.

अंधार पडल्यावर आम्ही खिडकीपाशी बसलो. समोर गोरित्सा, चार-दोन दिवे आणि डोंगराची काळी पाठ. आमच्या बाजूच्या खिडक्यांमध्ये मात्र एकेक करून उजेड लागला असणार, कारण पलीकडच्या काठावर माणसं उभी राहून आमच्याकडे फोन धरत होती. नवरा बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे आपण पैसे भरून दुसऱ्यांच्या फोटोत आलोय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर टॅक्सीनं गेलो, भाडं आधी नोट दाखवून ठरवलं. आत बायका तटावर क्रोशाच्या झालरी वाळत घातल्यासारख्या विकायला मांडून बसलेल्या. जुन्या चर्चमध्ये सोळाव्या शतकातल्या ओनुफ्रीच्या नावाचं संग्रहालय आहे. त्या चित्रकाराचा लाल रंग प्रसिद्ध आहे आणि तो बघितल्यावर का ते कळतं. समोरच्या श्पिराग डोंगरावर मोठाली अक्षरं आहेत. 1968 साली तिथं हुकूमशहा एन्वर होजाचं 'एन्वर' हे नाव दगड रचून लिहिलं होतं. 2012 मध्ये एका कलावंतानं पहिल्या दोन रोमन अक्षरांची अदलाबदल केली आणि इंग्रजी 'नेव्हर' झालं. मी ताईला विचारलं, टॅक्सी सोडून देऊ, उतरून परत आपल्या खोलीपर्यंत चढशील? तिनं नुसतं डोंगराकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी ताई खोलीत उन्हात पाय पसरून बसली आणि आम्ही तिघं एकदाचं ते दृश्य बघायला पूल ओलांडून गोरित्सात गेलो. सकाळचे दहा वाजलेले. आम्ही सावलीत, स्वेटरवर स्वेटर चढवून, कॉफीच्या कपावर हात शेकत. आणि समोर मांगालेम उन्हात नुसतं झळाळत होतं. खिडक्याच खिडक्या. भाऊजींनी मोजायला सुरुवात केली. दोनशे सतरापर्यंत गेले आणि तिथं एका लाल ठिपक्यावर अडकले.

"तो कसला झेंडा?"

झेंडा नव्हता. भाऊजींचा सोलापुरी टॉवेल होता, युनेस्कोच्या वारशावर वाळत घातलेला. ओनुफ्रीनं हेवा करावा असा लाल. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं कॅमेऱ्याची लांब नळी काढून नेमका त्याच खिडकीवर रोखली. "आपली खिडकी!" असं नवरा इतक्या मोठ्यांदा ओरडला की वेटर आला. त्यानं आम्हा तिघांकडे, मग रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारलं, अजून कुणी येणार आहे का?

मी मान हलवली. नाही.

पाच मिनिटांनी चौथी कॉफी आली, सोबत पाण्याचा ग्लास. भाऊजींनी ती स्वतःकडे ओढली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले.